पॅटर्न कुणाचा? उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतलं चेहरा-हजेरीचं प्रकरण

बेळगावजवळच्या मच्छेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नवा मोल्डर, साचे बनवणारा कामगार, कामाला लागला. पहिलाच दिवस. टाइम ऑफिसात फॉर्म भरायचा होता, पासबुकाची झेरॉक्स द्यायची होती. साहेब येईपर्यंत गेटजवळच्या हजेरीच्या मशीनसमोर तो सहज उभा राहिला. स्क्रीनवरची हिरवी चौकट त्याच्या तोंडाभोवती आली, टुक् असा आवाज झाला आणि त्याचं नाव उमटलं. नावाखाली टोकन नंबर. नंबर ओळखीचा होता. आधीच्या नोकरीत, उद्यमबागेतल्या कारखान्यात, तीन वर्षं त्यानं त्याच नंबरावर पगार घेतला होता.

"मी हितं येऊन अर्धा तास झाला नाही. ह्याला माझं नाव कुणी सांगितलं ओ?"

टाइम ऑफिसातल्या मुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट नोंदणीचं एक काम वाचलं, असं तो म्हणाला. मोल्डरच्या डोक्यातून मात्र ते जाईना. संध्याकाळी त्यानं जुन्या सुपरवायझरला फोन केला, सुपरवायझरनं मालकांना आणि मालकांनी मला. त्या कारखान्याचे कॉम्प्युटर, नेटवर्क आणि कॅमेरे मी सांभाळतो. हजेरीचं मशीन मी बसवलेलं नव्हतं, पण त्याची वायर मी बसवलेल्या स्विचमध्येच जात होती. दोन वर्षांत मी ते एकदाही उघडून बघितलं नव्हतं, ही माझी चूक आहे.

कारखान्यांची आणि माणसांची नावं इथं देत नाही. बाकी जसं घडलं तसं लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशी मशीनं आता पतसंस्थेपासून क्लासपर्यंत दिसू लागली आहेत आणि त्यांच्या पोटात काय आहे हे बघायला कुणालाच सवड नाही.

मशीन आलं ते का

उद्यमबागेतल्या त्या कारखान्यात सव्वाशेच्या आसपास माणसं. मोल्डिंग, कोअर शॉप, भट्टी, फेटलिंग, मशीन शॉप. कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, बहुतेक बायका, येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी इकडून येणाऱ्या. पूर्वी कार्ड पंच होतं. एकजण तिघांची कार्डं खिशात घालून यायचा, म्हणून बोटाचं मशीन आणलं. ऑफिसातल्यांचं त्यावर ठीक चाललं. पण दिवसभर ग्राइंडर धरून कास्टिंगच्या कडा घासणाऱ्या फेटलरच्या बोटांवर रेषा टिकत नाहीत. वाळू आणि बाइंडर हाताळणाऱ्या बायकांचीही तीच गत. सकाळी मशीनपुढे रांग, "बोट पुसा, परत ठेवा, दुसरं ठेवा", आणि एवढं करूनही महिन्याअखेर कुणाचा तरी खाडा लागलेला. कोअर शॉपमधल्या एका मावशींनी मला अंगठा दाखवला होता. मधोमध नखाएवढी जागा काचेसारखी चकचकीत. तिथं ठसा उरलाच नव्हता.

म्हणून चेहऱ्याचं मशीन आलं. पाळत ठेवायला नव्हे, तर राबलेल्या दिवसाचा पगार कापला जाऊ नये म्हणून. हे कारण खरं होतं आणि सुरुवातीला सगळे खूशही होते. खासगीपणाचं उल्लंघन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी कपटी माणूस येतो. या प्रकरणात तसा कुणीच नाही.

नोंदणी दोन दिवसांत उरकली. पीएफ आणि ईएसआयच्या कागदांबरोबर एक इंग्रजी पान सहीसाठी फिरलं. मी ते नंतर वाचलं. कंपनी 'किंवा तिचे सहयोगी' बायोमेट्रिक माहिती 'आवश्यक तितका काळ' ठेवतील, असं त्यात होतं. सहयोगी कोण, काळ किती, काही नाही. सव्वाशे सह्यांपैकी ते पान वाचून केलेल्या सह्या किती, असं मी नंतर कँटीनमध्ये विचारलं. मशीन शॉपमधल्या दोन डिप्लोमावाल्या मुलांनी हात वर केले.

कागद कुठल्या भाषेत यावा, हा प्रश्न आमच्या भागाला १९५६ पासून चिकटलेला आहे. घरात मराठी, फलकावर कन्नड, कारखान्याच्या फायलीत इंग्रजी आणि भट्टीवर बिहार-ओडिशाच्या मुलांची हिंदी. सातबाराचा उतारा समजला नाही तर माणूस तलाठ्याला चार वेळा विचारतो. इथं तर चेहरा द्यायचा होता आणि विचारायचं असतं हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

पेनड्राइव्ह

मशीन बसवणारा टेक्निशियन शहरातलाच, कष्टाळू मुलगा. मी फोन केला तसा दुपारी आला आणि विचारल्यावर काहीही न लपवता सांगून टाकलं.

नव्या मशीनमध्ये शिफ्टच्या वेळा, सुट्ट्या, उशिराचे नियम, ओटीची गणितं, दाराचा रिले, सगळं भरायला अर्धा दिवस जातो. उद्यमबागेतलं मशीन त्यानं एकदा नीट लावलं होतं. त्याचा पूर्ण बॅकअप त्यानं पेनड्राइव्हवर घेतला आणि पुढच्या ठिकाणी तोच चढवला. वेळा बदलल्या, कंपनीचं नाव बदललं, काम तासाभरात संपलं. त्या बॅकअपमध्ये सेटिंगबरोबर माणसंही होती. जुने वापरकर्ते पुसायचे हे कधी लक्षात राहिलं, कधी नाही. मच्छेत राहिलं नाही. आणखी कुठे कुठे चढवला, हे आठवून त्यानं तीन जागा सांगितल्या: होनग्याचा एक कारखाना, निपाणीकडची तंबाखूची एक वखार आणि शहरातला एक क्लास. तिन्ही ठिकाणी मी आणि तो मोटारसायकलवर जाऊन आलो. होनग्याला यादी पुसलेली होती. वखारीत आणि क्लासमध्ये आमच्या मोल्डरसकट सगळे जसेच्या तसे सापडले. नाव, टोकन नंबर, चेहरा.

"पण फोटो नाहीत ओ त्यात," टेक्निशियन म्हणाला. "नुसते आकडे असतात."

या एका वाक्यावर बहुतेक सगळे समाधान मानतात, म्हणून इथं थोडं थांबतो. मशीन आधी चित्रात तोंड कुठे आहे ते शोधतं. डोळे, नाक, ओठ यांच्या जागा धरून ते सरळ करतं. मग एक न्यूरल नेटवर्क त्या तोंडाचे आकडे बनवतं. २०१५ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या फेसनेट पद्धतीत एका चेहऱ्याचे १२८ आकडे होत. आता ५१२ आकड्यांच्या पद्धतीही सर्रास वापरात आहेत. आकड्यांच्या या ओळीला टेम्प्लेट म्हणतात. दुसऱ्या दिवशी माणूस समोर आला की नवी ओळ बनते, ती साठवलेल्या ओळींशी ताडून बघतात आणि फरक ठरावीक मर्यादेच्या आत असला की तोच माणूस. म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला माणूस ओळखायला हे आकडेच पुरतात, फोटोची गरजच नसते. मच्छेत घडलं ते हेच. शिवाय अशा आकड्यांवरून चेहऱ्याचं जवळपास जाणारं चित्र परत तयार करता येतं, हे संशोधकांनी दाखवून दिलं आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, एटीएम कार्ड बंद करून नवं मागवता येतं. तोंड बदलून मिळत नाही.

आणि आमच्याकडे फोटोही होतेच. मशीनवर प्रत्येक हजेरीचा फोटो काढून ठेवण्याची सोय चालू होती. टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर, त्यात दोन वर्षांचे फोटो, फाइलीचं नाव टोकन नंबर आणि मोबाइल नंबर जोडून केलेलं. पाळी संपल्यावर तोंडावर पाणी मारून पदर खांद्यावर टाकलेल्या बायकांचे फोटो. त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नव्हता. मशीनला होता, पण कंपनीतून आलेला, कुणीही अंदाजानं टाकावा असा. मालकांना घरून हजेरी बघता यावी म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवलेलं, म्हणजे मशीनचं दार थेट इंटरनेटच्या रस्त्यावर. यादीत एकतीस माणसं अशी, जी काम सोडून गेलेली. त्यांतले एक काका वारले होते. त्यांचं टेम्प्लेट होतं, फोटोही होता.

आणखी एक गोष्ट मी शोधायला गेलो नव्हतो, ती हाताला लागली. खानापूर तालुक्यातले दोघे सख्खे भाऊ मोल्डिंगमध्ये होते. धाकट्याची हजेरी काही दिवस थोरल्याच्या नावावर पडली होती आणि धाकट्याचे त्या दिवसांचे पैसे कापले गेले होते. फेटलिंगवाल्यांच्या तोंडावर धूळ असते, मास्कचा वळ असतो, त्यामुळे मशीन त्यांना ओळखेना. टेक्निशियननं त्यावर उपाय म्हणून जुळणीची मर्यादा सैल केली. मर्यादा सैल केली की आपला माणूस नाकारला जाणं कमी होतं, पण दुसराच माणूस आपला म्हणून आत घेतला जाणं वाढतं. हे दोन्ही एकदम कमी होत नाही. धाकट्यानं तेव्हा तक्रार केली होती. त्याला उत्तर मिळालं होतं, मशीन खोटं बोलत नाही.

कुलूप असलेली खोली

मालकांना हे सगळं सांगितलं. भला माणूस, कामगारांच्या घरच्या लग्नाला जाणारा. पण आकडे, पोर्ट, टेम्प्लेट हे काही त्यांच्यापर्यंत पोचेना. "आता काय झालंय त्यात एवढं? कुणाचे पैसे गेले?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

मग मी त्यांना घेऊन त्यांच्याच पॅटर्न शॉपच्या दाराशी गेलो. फाउंड्रीत काम केलेल्याला ही खोली सांगायला नको. लाकडाचे, ॲल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ओतायच्या भागाचे नमुने, फळ्यांवर ओळीनं लावलेले, प्रत्येकावर ग्राहकाचा नंबर. पॅटर्न ग्राहकाच्या मालकीचा असतो. फाउंड्री त्यावरून साचा बनवते, कास्टिंग देते, पण पॅटर्न तिचा होत नाही. तो बाहेर जातो तेव्हा चलन फाडतात, परत येतो तेव्हा रजिस्टरात सही होते, आणि ऑर्डर संपली की ग्राहक मागेल तेव्हा तो द्यावा लागतो. दाराला कुलूप असतं. किल्ली एकाच माणसाकडे.

मी विचारलं, "काका, पुण्याच्या गिऱ्हाइकाचा पॅटर्न कुणी पेनड्राइव्हसारखा खिशात घालून मच्छेच्या फाउंड्रीत वापरायला दिला, तर?"

"ऑर्डर जाईल. आणि जायलाच पाहिजे."

"ह्या माणसांचं तोंड पॅटर्नच आहे. त्यावरून मशीन रोज साचा काढतं."

ते कुलपाकडे बघत थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रजिस्टर काढा."

पुढचं सगळं काम त्या दोन शब्दांवर उभं राहिलं.

कायद्याचं बोलणं त्यानंतर झालं. त्यांच्या सल्लागारांचं म्हणणं होतं की नव्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी संमती लागतच नाही, मग एवढा खटाटोप कशाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीशी संबंधित उपयोगाला तशी वाट दिलेली आहे, हे खरं. पण संमती लागत नाही म्हणजे माहिती उघड्यावर ठेवायला मोकळीक, असं नाही. आठव्या कलमानं सुरक्षेची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावरच टाकली आहे आणि त्यानं नेमलेल्या ठेकेदाराच्या हातून चूक झाली तरी ती त्याच्याच अंगावर येते. ठेकेदाराशी करार असावा लागतो. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवावं लागतं. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. पण तोवर रान मोकळं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखालच्या २०११ च्या नियमांत चेहऱ्याची ठेवण बायोमेट्रिक म्हणून आधीपासून संवेदनशील माहितीत धरलेली आहे. त्यात लेखी संमती हवी, काम संपल्यावर माहिती ठेवू नये, नाही म्हणायची मुभा हवी, हे सगळं आहे. एकट्या मालकाची फर्मसुद्धा त्यातून सुटत नाही.

आणि भाषेचं कलम. नव्या कायद्यात संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय माणसाला असला पाहिजे. त्या बावीस भाषांत मराठी आहे, कन्नड आहे, ओडियाही आहे. मी हे कलम कँटीनमध्ये वाचून दाखवलं, तेव्हा फेटलिंगमधल्या एका जुन्या कामगारानं ते परत वाचायला लावलं.

ज्या निकालानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, तो २४ ऑगस्ट २०१७ चा, नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा. त्यातले मूळ याचिकाकर्ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. कामगारांना हे सांगितलं, कारण हा हक्क दिल्ली-मुंबईच्या शिकलेल्या लोकांचा आहे असा समज त्यांच्यातही होता.

नोकरीत घेतलेल्या संमतीबद्दल मात्र माझ्या मनात कायद्याच्या पलीकडचीही शंका आहे. ज्याच्या हातात पगार आहे त्याला नाही म्हणणं सोपं नसतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्को लेझर या कंपनीला ३८ केंद्रांतल्या दोन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची चेहरा आणि बोटाची हजेरी थांबवायला लावली. कार्डासारखा साधा पर्याय असताना तो दिलाच नव्हता, हे त्यामागचं मुख्य कारण. स्वीडनमध्ये २०१९ साली शेलेफ्टिओ गावच्या शाळेनं २२ मुलांची हजेरी चेहऱ्यावरून घेतली, पालकांची संमती असूनही दोन लाख क्रोनरचा दंड बसला. शहरातल्या त्या क्लासमध्ये गेलो होतो तेव्हा मला हीच शाळा आठवत होती. तिथल्या मशीनमध्ये अकरावी-बारावीची मुलं होती, आणि आपल्या कायद्यात अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल धरून पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे.

काय केलं

पहिल्या रात्री राउटरमधलं पोर्ट बंद केलं, सगळे पासवर्ड बदलले, मशीन इंटरनेटवरून काढून फक्त कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर ठेवलं. घरून हजेरी बघणं बंद झालं. टाइम ऑफिस रोज संध्याकाळी मालकांना नुसती संख्या पाठवतं, आणि तेवढ्यावर भागतं असं दिसलं. दुसऱ्या दिवशी सर्ट-इनला, सायबर सुरक्षेच्या घटना बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, मेल केला. एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. आम्हाला उशीर झाला, तो मेलमध्ये तसाच लिहिला.

फोटो साठवणं बंद केलं आणि जुनं फोल्डर पुसलं. पुसण्याआधी धाकट्या भावाच्या त्या दिवसांचे फोटो थोरल्याच्या हजेरीशी लावून बघितले आणि त्याचे कापलेले पैसे मालकांनी पुढच्या पगारात दिले. टेम्प्लेट फक्त मशीनमध्ये. बॅकअप घ्यायचा तर सेटिंगचा वेगळा आणि माणसांचा वेगळा, माणसांचा एन्क्रिप्ट करून, किल्ली मालकांच्या तिजोरीत. जुळणीची मर्यादा परत कडक केली. त्यामुळे फेटलिंगवाल्यांचा जुना प्रश्न परत आला. त्यावर उपाय अगदी साधा निघाला. मशीन गेटवरून काढून हात-तोंड धुण्याच्या नळांच्या पुढे, सावलीत लावलं. येताना तोंड स्वच्छच असतं, जाताना धुतलेलं.

ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला कार्ड आणि गेटवर सही. पाच जणांनी ते घेतलं, त्यांत चार कोअर शॉपमधल्या बायका. कारण विचारायचं नाही, असं ठरलं.

सूचनेचं पान मराठी, कन्नड आणि हिंदीत केलं. मराठी पान मी लिहिलं, आणि त्यातला 'बायोमेट्रिक टेम्प्लेट' हा शब्द त्या अंगठा दाखवणाऱ्या मावशींना कळेना. मी तीनदा बदलला. शेवटी पानावर आलं ते असं: "मशीन तुमच्या तोंडाचं माप घेतं. फोटो ठेवत नाही, माप ठेवतं. काम सोडल्यावर हिशेब मिळेल त्याच दिवशी माप पुसलं जाईल, ते तुमच्यासमोर." 'तुमच्यासमोर' हा त्यांचा शब्द.

टेक्निशियनशी करार झाला. त्याला काढून टाका असं एकदोघांनी सुचवलं, मला ते पटलं नाही. त्याची चूक या धंद्यातली रोजची रीत आहे. त्याच्याजागी आलेला दुसराही खिशात पेनड्राइव्ह घेऊनच येणार. मोठ्या कंपन्यांचंही यापेक्षा वाईट झालेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या सुप्रेमा कंपनीच्या बायोस्टार-२ या यंत्रणेत २.७८ कोटी नोंदी उघड्या सापडल्या, त्यांत दहा लाखांहून जास्त लोकांचे बोटांचे ठसे, शिवाय चेहऱ्यांची माहिती. आता हा मुलगा प्रत्येक ठिकाणी माणसं नसलेला, नुसत्या सेटिंगचा बॅकअप चढवून दाखवतो आणि गिऱ्हाइकाची सही घेतो.

आणि रजिस्टर. पॅटर्नच्या रजिस्टरासारखंच, लांब, कापडी पुठ्ठ्याचं. कुणाचं माप कधी घेतलं, कुठे आहे, कधी पुसलं, पुसताना समोर कोण होतं. एकतीस गेलेल्या माणसांपैकी ज्यांचे नंबर लागले त्यांना फोन करून सांगितलं. दोघेजण मुद्दाम येऊन मशीनपुढे उभे राहिले. चौकट तोंडाभोवती आली आणि तांबडी झाली, नाव आलं नाही. वारलेल्या काकांची नोंद पुसताना त्यांचा मुलगा आला होता.

मच्छे, वखार आणि क्लास, तिन्ही ठिकाणच्या पुसल्याच्या सह्या रजिस्टरात आहेत. मोल्डरला मच्छेत नव्यानं नोंदवायचं होतं. त्यानं आधी आमचं मराठी पान तिथल्या टाइम ऑफिसाला दिलं, त्यांनी ते आपल्या नावानं छापलं, मग तो मशीनपुढे उभा राहिला.

एक नोंद अपुरी आहे. तो पहिला पेनड्राइव्ह. टेक्निशियन म्हणतो, तो खराब झाला आणि टाकून दिला, कधी आणि कुठे ते आठवत नाही. रजिस्टरात त्याचीही एक ओळ मी घातली आहे. 'पुसल्याची तारीख' या रकान्यात काही लिहिलेलं नाही.